एका नटाचे दोन वेष

देवपुरात राहणाऱ्याला पत्ता सांगतानाही देवाचे नाव घ्यावे लागते. आणि ते देवत्व नेमके वसते कोठे, हा प्रश्न पांझरा नदीच्या पुलावरून धुळ्याकडे जाताना माझ्या मनात पुनःपुन्हा उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना मला शास्त्रग्रंथांइतकेच एका मूकपट-नटाचे, व्ही. शांताराम यांचे, चरित्र उद्बोधक वाटते.

दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पादत्राणे उतरवीत. ज्या भावाने ते नम्र होत, त्याच भावाच्या युगात बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करणारे तरुण व्ही. शांताराम १९२१ मध्ये 'सुरेखाहरण'चे श्रीकृष्ण झाले. आणि चारच वर्षांनी, 'सावकारी पाश'मध्ये, तोच चेहरा सावकाराच्या खोट्या दस्तऐवजापायी जमीन गमावून शहरातील गिरणीकडे वळणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातील तरुणाचा झाला. पुढे १९२७ मध्ये 'नेताजी पालकर' आणि १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट 'गोपाळकृष्ण' दिग्दर्शित करताना, जो दृश्य होता तो द्रष्टा झाला.

वेदान्त सांगतो की उपाधी भिन्न, अधिष्ठान एक. परंतु हे वचन मुखोद्गत असूनही आपण कृष्णवेषाला हात जोडतो आणि शेतकऱ्याच्या वेषाला केवळ हळहळ देतो, जणू त्या दोन वेषांच्या आत दोन निराळे जीव उभे होते. मूकपटात संवाद ऐकू येत नव्हता, म्हणून साऱ्या भावनेचा भार मुद्रेवरच पडे; आणि ज्या डोळ्यांनी भक्तास अभय दिले, त्याच डोळ्यांनी जप्तीच्या भीतीने खाली पाहिले, ही गोष्ट मला कोणत्याही भाष्यापेक्षा अधिक स्पष्टपणे अद्वैत समजावते.

त्या काळच्या बहुतेक मूकपटांच्या फिती आज नष्ट झाल्या आहेत. वेष गेले, त्यांना वाहिलेला नमस्कार मात्र मागे उरला, आणि त्याचा खरा वारस कोण हे ठरविणे आपल्याकडे आहे. खानदेशातील कापूस विकायला आलेला, कर्जाच्या ओझ्याने वाकलेला कुणबी या पुलावर मला भेटतो, तेव्हा तो नमस्कार त्याच्याच हक्काचा आहे, असे मी मानतो. कारण त्याच्यापाशी न पोचणारी भक्ती वेषापाशीच थांबलेली असते.