आत घेतले, पण कुठवर?

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. परिचारिका पुरेनात, म्हणून वेस्ट इंडीजमधून तरुण मुली येऊ लागल्या. त्यांतल्या पुष्कळजणींना तीन वर्षांच्या शिक्षणाऐवजी दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमात घातले गेले. दोहोंतला फरक कित्येकींना ठाऊकही नव्हता. ते दुय्यम प्रमाणपत्र मायदेशी बहुधा चालत नसे आणि ब्रिटनमध्ये त्यावर बढती जवळजवळ नव्हतीच. पुढची वाट बंद, मागचीही! शिवी कुणी दिली नाही (निदान नाव नोंदवताना तरी). मग अन्याय कुणाचा? नियमाचा, असे म्हणणे फार सोयीचे. मला वाटते, फरक ठाऊक असून नोंदणीच्या वेळी जो गप्प बसला, त्याचा. ते दुय्यम शिक्षण पुढे बंद झाले. तोवर त्या पहिल्या मुलींचे केस पिकले होते.