उभे राहणे आणि नीयत

अमेरिकेतील डेन्व्हर नगेट्स संघाचा बास्केटबॉलपटू महमूद अब्दुल रऊफ १९९६ साली राष्ट्रगीताला उभा राहीना. हा झेंडा जुलमाचेही प्रतीक आहे, असे त्याचे म्हणणे. मार्चमध्ये लीगने त्याला निलंबित केले. एका सामन्यातच तडजोड झाली. त्याने उभे राहायचे, पण मान झुकवून दुआ मागायची. वाद मिटला. त्याची नीयत काय, हे कुणी विचारले नाही. शरीर उभे झाले, एवढे पुरे होते.

अमेरिकन फुटबॉलमधील कॉलिन कॅपर्निक २०१६ साली कृष्णवर्णीयांवरील पोलिसी जुलमाविरुद्ध आधी बसून राहिला. पुढे नेट बॉयर या माजी सैनिकाशी बोलून तो गुडघा टेकू लागला. सैनिक शहीद साथीदाराच्या कबरीपुढे असाच गुडघा टेकतात. तरी त्या हंगामानंतर एकाही संघाने त्याला घेतले नाही.

रऊफचे आम्हा मुसलमानांना कौतुक वाटते. पण आम्ही शिक्षकही आहोत. रोज सकाळी मुलांना रांगेत ताठ उभे करतो, हलणाऱ्याला डोळे दाखवतो. उद्या आमचाच एखादा पोरगा बसून राहिला तर? कारण विचारण्याआधी आम्ही त्याला दंडाला धरून उठवू. आणि खरे सांगायचे तर देशप्रेमापोटी नव्हे, भीतीपोटी. शाळा उर्दू माध्यमाची, बघणारे पुष्कळ.

केरळात राष्ट्रगीत न गाणाऱ्या तीन मुलांना शाळेने काढले, तेव्हा १९८६ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावले. पण ती मुले गात नसली तरी आदराने उभी राहत होती. बसणाऱ्याचे काय, हे आमच्या वर्गात अजून कुणी विचारलेले नाही.