बारा वर्षांचं मौन

मध्य प्रदेशातल्या वारासिवनी, लांजी, कटंगीकडची कितीतरी घरं आता सणापुरतीच उघडतात. मुलं नागपूरला, रायपूरला. धानाच्या बांध्या गावातल्याच कुणाला अधियानं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिलेल्या. सगळं तोंडी. सुगी झाली की चिन्नोरची पोती घरी येतात. एखाद्या वर्षी ती येत नाहीत, आणि विचारायला जीभ रेटत नाही.

१९६३चा मुदत कायदा हा संकोच ऐकून घेत नाही. दुसऱ्यानं उघडपणे, मालकी झुगारून, सलग १२ वर्षं ताबा ठेवला आणि मालकानं दावा लावला नाही, तर मालकाचा हक्कच संपतो. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या नियमाला अतार्किक म्हटलं होतं. २०१९मध्ये त्याच न्यायालयानं अशा ताबेदाराला स्वतःहून दावा लावण्याची मुभा दिली, आणि २०२३मध्ये विधी आयोगानं नियम बदलू नये असं सुचवलं. कसणाऱ्याला पिढ्यानपिढ्या टांगणीला ठेवू नये, हे मलाही पटतं.

पण सगळी मौनं सारखी नसतात. बैहरच्या बैगा-गोंडांचं मौन आळसाचं नव्हतं. सावकारापुढे, कागद वाचू शकणाऱ्यापुढे त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. मध्य प्रदेशच्या भू-राजस्व संहितेत १९८०मध्ये आलेलं कलम १७०-ख हे जाणतं. २ ऑक्टोबर १९५९पासून हे कलम लागू होईपर्यंत आदिवासीची शेतजमीन ज्याच्या ताब्यात गेली, त्यानंच ती कशी मिळाली हे उपविभागीय अधिकाऱ्याला कळवायचं. कळवलं नाही, तर ताबा बेकायदा धरून जमीन मूळ कुटुंबाला परत. इथे गप्प राहण्याची शिक्षा ताबेदाराला आहे. आपल्या महसुली कायद्यातलं याहून न्याय्य कलम मला माहीत नाही. त्याची अंमलबजावणीही तितक्याच नेटानं व्हायला हवी.

आपल्यासारख्या शिकल्या-सवरल्यांना मात्र मौनाची सबब नाही. परवानगीनं राहणारा भाडेकरू, राखणदार किंवा अधियावाला नुसत्या वर्षांच्या जोरावर मालक होत नाही. पण परवानगी होती हे वडील गेल्यावर सांगणार कोण? बटाईदाराचंही हित जपणारा राज्याचा कायदा २०१६पासून आहे, आणि त्यानुसार साध्या कागदावर करार करता येतो. तरी गावात कागद काढला की नातं तुटेल, ही भीती असते. माझ्या पाहण्यात नाती तुटली ती कागद नसल्यानं, तीही तहसीलच्या आवारात.

भाऊबीजेनंतर मंडईला गावी जाल, तेव्हा पटवाऱ्याकडे खसरा बघा. आजोबांचंच नाव असेल, तर नामांतरणाचा अर्ज द्या. बांध सरकलेला वाटला, तर सीमांकन मागा. मग अधियावाल्याच्या ओसरीवर बसून करार लिहा, आणि एक प्रत त्याच्या हाती द्या.