नचिकेताचा तिसरा वर

"मोक्षाचं रिटायर झाल्यावर बघू," असं मित्र म्हणतात, तेव्हा मला कठोपनिषदातला नचिकेत आठवतो. वयाने कुमार. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला, म्हणून तीन वर मिळाले. पहिला वडिलांचा राग शांत व्हावा म्हणून, दुसरा स्वर्ग देणाऱ्या अग्निविद्येसाठी. तिसरा प्रश्न: मृत्यूनंतर माणूस उरतो की नाही? यमाने संपत्ती, राज्य, दीर्घायुष्य देऊ केलं. तो हलला नाही.

म्हणजे धर्म, अर्थ, काम टाकून पळायचं नाही. पण तिथेच थांबायचंही नाही. मृत्यू आपलं वय विचारून येत नाही. आज घरात कुणी रुसलं असेल, तर आधी त्यांच्याशी बोला. मग दहा मिनिटं शांत बसा आणि तिसरा प्रश्न स्वतःला विचारा.

हरि ॐ.