एकच कंकण



सध्या माझ्या नेमात एकनाथी भागवताचा नववा अध्याय चालू आहे. अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंबद्दल सांगतोय, आणि त्यात एक साधी मुलगी येते. घरची माणसं बाहेर गेलेली असतात आणि तेवढ्यात तिला मागणी घालायला पाहुणे येतात. त्यांच्या जेवणासाठी ती आत साळी कांडायला बसते, तर हातातली कंकणं वाजायला लागतात. तिला लाज वाटते. ती एकेक कंकण कमी करत जाते. दोन उरली तरी आवाज होतोच. शेवटी प्रत्येक हातात एकच उरतं, तेव्हा सगळं शांत होतं. कांडण मात्र चालूच राहतं.

अवधूत यातून एकांत शिकला. पुष्कळ जण एकत्र आले की भांडण, आणि दोघंच असले तरी गप्पा होतातच. मी मात्र यंदा या गोष्टीपाशी वेगळ्याच कारणाने अडकले.

सिडकोतून वाळूजला जाताना कंपनीच्या बसमध्ये मी रोज प्रवचन ऐकते. तेही दीडपट स्पीडवर! महिन्यात किती ऐकून झालं याचा मला थोडा अभिमानच होता. मागच्या आठवड्यात आई म्हणाली, "गुडघा फार दुखतोय गं, जिना चढवत नाही..." मी लगेच म्हटलं, "शनिवारी डॉक्टरांकडे जाऊ, नंबर लावते." ती "बरं" म्हणाली आणि गप्प झाली. माझ्या दृष्टीने विषय संपला.

दोन दिवसांनी सहज विचारलं, "आई, त्या दिवशी तुला अजून काही सांगायचं होतं का?" तर कळलं, तिचं हरिपाठाचं मंडळ आता दुसऱ्या मजल्यावर भरतं. तिचं जाणं बंद झालंय आणि कुणी फोनही केलेला नाही. दुखत होतं ते वेगळंच. मी गुडघ्यावरच थांबले होते.

तेव्हा नाथमहाराज आठवले. पैठण आपल्यापासून 50 किलोमीटरवर. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके 1212 मध्ये. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करता करता तिच्यात चुकीचे पाठ शिरले. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ती शुद्ध केली. तोवर त्यांचं स्वतःचं भागवत लिहून अकरा वर्षं झाली होती. एवढ्या समर्थ कवीला चार ओव्या आपल्या घालणं काय अवघड होतं? पण त्यांनी उलट बजावून ठेवलं की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालेल, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल.

आईच्या बोलण्यात मी नेमकी नरोटीच ठेवली होती. उपाय चांगला होता, हेतूही चांगला होता, पण तो मधेच घातलेला माझा पाठ होता.

मग ऐकणं म्हणजे नुसतं गप्प बसून मान डोलावणं का? समोरचा चुकत असेल तरीही? मला तसं वाटत नाही. नाथांनी चुकीचे पाठ काढलेच की! पण आधी मूळ शब्द काय असेल याचा शोध घेतला, मग हात लावला. त्या मुलीनेही सगळी कंकणं काढली नाहीत. एक ठेवलं. आपलं मत, आपली बुद्धी, ते एक कंकण हातात असू द्यावं. आवाज होतो तो दुसऱ्यामुळे: "मला माहितेय", "मी सांगते ना", "माझ्याबाबतीत पण असंच झालं होतं".

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आहे. मी ते सोपं म्हणून पहिलं असेल असं समजत होते. आता वाटतं, बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. घरातल्या माणसाचं वाक्य जिला पूर्ण ऐकवत नाही, ती देवाचं काय ऐकणार?

म्हणून आजचा नेम छोटासाच. आज घरात एका माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं, आणि उत्तराआधी एकच प्रश्न विचारायचा: "अजून काही?"

मी आजपासून प्रवचनाचा स्पीडही साधा केलाय. आणि आईच्या मंडळातल्या काकूंना विचारणार आहे, एक दिवस हरिपाठ आमच्याकडे होईल का. आमचं घर तळमजल्यावर आहे.

जय जय राम कृष्ण हरी!