आज्ञा कोणाची पाळावी?

वारकरी सज्जनहो, एका परदेशी शेतकऱ्याची हकीकत ऐका. फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड या खेड्यातला. शेती सांभाळून तो गावच्या चर्चची सेवा करी. १९४३ साली त्याला हिटलरच्या सैन्यात बोलावणे आले. हे युद्ध अन्यायाचे आहे, मी त्यात लढणार नाही, असे त्याने सांगितले. जखमींची शुश्रूषा करायला तो तयार होता. ते मान्य झाले नाही.

घरी पत्नी फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली. संसाराकडे पाहा, असे बिशपांनीही समजावले होते. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. पुढे २००७ साली त्याच चर्चने त्याला ‘धन्य’ म्हणून गौरवले.

तुम्ही म्हणाल, त्याच्या मरणाने युद्ध थांबले का? नाही थांबले. मुली पोरक्या झाल्या, तेही खरे. पण दुसऱ्याच्या मुलींना पोरके करण्याचे काम त्याने आपल्या हातून होऊ दिले नाही.

देशरक्षणासाठी सीमेवर उभ्या असलेल्या आपल्या लेकरांना यात उणे लेखायचे नाही. त्याचा नकार अन्यायाच्या युद्धाला होता. आपण वारीत अनोळखी माणसाच्या पाया पडतो, त्याला माउली म्हणतो. उद्या कोणी त्याच माणसाचा द्वेष करायला सांगितले, तर आपण कोणाचे ऐकणार? विठोबासमोर उभे राहून ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

रामकृष्णहरी.