वाटाड्याचे पुस्तक

बदलीच्या नोकरीत ज्याचे निम्मे आयुष्य सामान बांधण्यात आणि सोडण्यात गेले, त्याला प्रवासाचे कौतुक उरत नाही, असे म्हणतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे. बदलीवर जाणाऱ्याने कोठे जायचे हे हुकूम ठरवितो. म्हणूनच आयुष्यात एकदा तरी एखादे ठिकाण आपण होऊन निवडावे, तेथे कोणाचा चार्ज घ्यायचा नसावा आणि कोणाला द्यायचाही नसावा, ही इच्छा त्याच्या मनात मूळ धरून राहते. सेवानिवृत्तीच्या आदल्या वर्षी आमच्या घरात या इच्छेने अंदमानचे नाव घेतले. जबलपुरात सध्या ती एक साथच आहे म्हणा ना! केंद्र सरकारच्या नोकरीतील शेजारी रजा-प्रवास सवलतीवर विमानाने तेथे जाऊन येतात आणि निळ्या समुद्राची छायाचित्रे दाखवितात. आमच्या आजोबांच्या पिढीत ज्या नावाने अंगावर काटा उभा राही, ते 'काळे पाणी' आता निळे झाले आहे.

जायचे ठरले आणि पहिला प्रश्न निघाला तो पुस्तकाचा. फोनवर सारे काही मिळत असता पुस्तक कशाला, असे मुलाने विचारले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु ज्याने जन्मभर फाईल वाचली त्याला चावडीवरच्या बातमीवर विसंबता येत नाही. पुस्तकात निदान एक मनुष्य बोलत असतो, त्याची आवडनिवड दोन पानांत कळते, आणि तो चुकला तर चूक कोणाची हे ठाऊक असते. मी तीन प्रवासमार्गदर्शिका मिळविल्या. त्यांतली एक जुन्या पुस्तकांच्या दुकानातली. आधीच्या मालकाने तिच्यात बोटींच्या वेळा पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या होत्या.

या तिघींतून एक कशी निवडावी? मी एक युक्ती केली. पैकी दोन साऱ्या हिंदुस्थानाविषयी होत्या. त्यांत अंदमानचे प्रकरण उघडण्याआधी मी जबलपूरचे पान काढले. जे गाव आपण पाहिलेले नाही त्याविषयी पुस्तक खरे बोलते की नाही हे कळायला मार्ग नसतो. पण जेथे आपण पंधरा वर्षे राहिलो, ज्याचा उन्हाळा सोसला, तेथे त्याची परीक्षा सहज होते. एका पुस्तकात जबलपूर म्हणजे कान्हाच्या वाघांकडे जाताना गाडी बदलण्याचे स्थानक होते. भेडाघाटला दोन तास, धुवांधारला वीस मिनिटे, की निघा पुढे. दुसऱ्यातही भेडाघाट होताच. पण संगमरवरी कड्यांमधून नाव नेणारे नावाडी यमकांत बोलत जातात, 'बंदर कूदनी'पाशी एक ठरलेला विनोद करतात आणि तो ऐकून घेणे हा दर्शनाचाच भाग आहे, असे त्यात लिहिले होते. चौसष्ट योगिनींच्या भग्न मूर्तींसमोर थोडे थांबा, असे सांगितले होते. १९३९ साली ज्या त्रिपुरीत सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, ते गाव याच वाटेवर आहे, याचीही आठवण दिलेली होती. मी हे दुसरे पुस्तक घेतले. ज्या लेखकाने माझ्या गावाला न्याय दिला, तो परक्या बेटालाही देईल, असा माझा हिशेब होता. पेन्सिलवाले जुने पुस्तक केवळ मायेने सोबत ठेवले.

वाटाड्याचे पुस्तक ही काही साहेबाची देणगी नव्हे. नर्मदेच्या कोणत्या घाटावर स्नान केल्याने कोणते फळ मिळते, हे स्कंदपुराणातील रेवाखंडाने केव्हाच सांगून ठेवले आहे. परिक्रमावासी ते ऐकतच चालत आले. फरक एवढाच, की माहात्म्य यात्रेकरूकडून काही मागते. उपास कर, दान दे, अनवाणी चाल, असे ते म्हणते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात मरे आणि जर्मनीत बेडेकर यांनी जी नवी हस्तपुस्तके काढली, ती प्रवाशाकडून काही मागत नाहीत, त्याला देतात. कोणत्या खाणावळीत उतरावे, किती बक्षिसी द्यावी, काय पाहावे. बेडेकराने तर पाहण्याजोग्या वस्तूंपुढे ताऱ्याची खूण करण्याची रीत रूढ केली. ताऱ्याने सोय झाली खरी. पण ज्याच्यापुढे तारा नाही ते न पाहण्याची मुभाही त्याच ताऱ्याने दिली. कलेक्टर कचेरीतील जुनी गॅझेटियरे चाळताना मला हेच जाणवत असे. त्यांत ओढे आहेत, पिके आहेत, जातवार शिरगणती आहे. परंतु ज्यांची गणती झाली त्यांना गणती करणाऱ्यांविषयी काय वाटले, त्याचा रकाना नाही.

असो. आम्ही डिसेंबरात निघालो. हावड्यापर्यंत रेल्वेने आणि तेथून विमानाने. त्या बेटांत पाऊस मे महिन्यापासून जवळजवळ वर्ष सरेपर्यंत रेंगाळतो, म्हणून डिसेंबरच्या अखेरीस जावे, असे पुस्तकाने सांगितले होते आणि ते खरे ठरले. घड्याळ आपलेच, पण बेटे फार पूर्वेला, त्यामुळे सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. तेव्हा दिवस पहाटे सुरू करा, हाही सल्ला उपयोगी पडला. नावांच्या बाबतीत मात्र पुस्तक मागे पडले होते. त्यातले रॉस, नील आणि हॅवलॉक २०१८ साली अनुक्रमे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, शहीद द्वीप आणि स्वराज द्वीप झाले होते. २०२४ साली पोर्ट ब्लेअरही श्री विजयपुरम झाले. आमच्या प्रवासाच्या वेळी मात्र जुनेच नाव चालू होते.

सेल्युलर जेलमध्ये पुस्तकाने मला प्रथम लाजविले. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आता तीन उरल्या आहेत; बाकीच्यांच्या जागी रुग्णालय उभे आहे. मराठी मनुष्य तेथे कशासाठी जातो, हे सांगायला नको. शाळेत असताना 'माझी जन्मठेप' वाचलेला मी, हातात पुस्तक धरून तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यातील ती एक कोठडी शोधीत भराभर चालत होतो. ती सापडली, पाहिली, हात जोडले. परतताना सौ. मागे राहिली म्हणून वळून पाहिले, तर ती वाटेतल्याच एका कोठडीत उभी होती. "अहो, ही कोणाची?" तिने विचारले. मी पुस्तक उघडले. त्यात काही नव्हते. साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद, उंचावर एक झरोका. बाकीच्या कोठड्या होत्या तशीच. मधल्या मनोऱ्यात प्रांतवार नावे कोरली आहेत. त्यांत बंगालची यादी केवढी लांब आहे! त्यांतल्या कोणाची तरी ती असेल, किंवा यादीतही नसलेल्या एखाद्या साध्या बंदिवानाची. मी साऱ्या भुजेतून चालत आलो होतो आणि पाहिली होती एकच खोली. पुस्तकाने मला फसविले नव्हते. मीच त्याचा उपयोग दौऱ्यावरच्या साहेबासारखा केला होता. तपासणीची यादी हातात, आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण.

तेव्हापासून मी एक नियम केला. पुस्तक आदल्या रात्री वाचायचे, प्रत्यक्ष स्थळी बंद ठेवायचे आणि परत आल्यावर पुन्हा उघडायचे. या नियमाने पुढचे चार दिवस सुखाचे गेले.

पाचव्या दिवसासाठी यादीत बाराटांग होते. तेथे चुनखडीच्या गुहा आहेत, चिखल उकळून वर येणारा एक लहानसा ज्वालामुखी आहे आणि खारफुटीच्या झाडीतून होडीचा प्रवास आहे. पुस्तकात त्यापुढे ठळक खूण होती. पहाटे निघावे, जिरकाटांगच्या नाक्यावर नोंद करावी, तेथून मोटारी पोलिसांच्या बंदोबस्तात तांड्याने सुटतात. वाटेत थांबू नये, छायाचित्र घेऊ नये, खाण्याचे काही देऊ नये. इतक्या सूचना कशासाठी, ते पुढच्याच ओळीत होते. हा रस्ता जारवांच्या राखीव अरण्यातून जातो. 'नशीब असेल तर ते दिसतातही.'

नशीब असेल तर! मी ते पान आदल्या रात्री वाचले आणि मला झोप येईना. जारवा म्हणजे काही शे माणसे. १९९७-९८ पर्यंत ती बाहेरच्यांपासून दूरच राहत होती. पुढे वर्षभरातच त्यांच्यात गोवराची साथ आली. त्या रस्त्याचा राखीव अरण्यातील भाग बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला होता. रस्ता चालूच राहिला. २०१२ साली जारवा स्त्रियांना खाऊचे आमिष दाखवून प्रवाशांपुढे नाचायला लावल्याचे चित्रण जगापुढे आले आणि देशाची मान खाली गेली. हे सारे मी वर्तमानपत्रांत वाचलेले होते. पण झोप गेली ती वर्तमानपत्रामुळे नव्हे.

पंचवीस वर्षांपूर्वी मंडल्याकडच्या अरण्यभागात माझी नेमणूक होती. एक वरिष्ठ सपत्नीक दौऱ्यावर आले. बाईसाहेबांनी बैगांविषयी कोठेतरी वाचले होते. त्यांना करमा नाच पाहायचा होता. मी निरोप धाडला. सायंकाळी तीसेक माणसे डाकबंगल्यापुढे हजर झाली. मोरपिसे, मांदर, सारे काही होते. नाच उत्तम झाला, पाहुणे संतुष्ट झाले, मी पैसेही दिले. निघताना एक म्हातारा माझ्यापाशी येऊन म्हणाला, "साहेब, आता जातो. कोदो कापायचा तसाच टाकून आलोय." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती असती, तर मी तिचे उत्तर देऊन मोकळा झालो असतो. माझ्या दौरा-डायरीत त्या दिवशीची नोंद आहे: 'सांस्कृतिक कार्यक्रम. व्यवस्था समाधानकारक.'

पहाटे तीनला मोटार दाराशी यायची होती. मी सौ.ला उठवून सांगितले, की आपण जाऊ नये. तिने विचारले, "गुहा बघायला जातोय ना आपण? त्या माणसांकडे बघायचं नाही, म्हणजे झालं." हा प्रश्न मी टाळू शकलो नाही. रस्ता सरकारचा आहे, मोटारी कायद्याने जातात. रंगत, मायाबंदर, दिगलीपूर येथे राहणाऱ्या हजारो लोकांचे दवाखाने आणि बाजार त्याच रस्त्यावर अवलंबून आहेत. आमची एक मोटार न गेल्याने जारवांचे कोणते भले होणार होते? काहीच नाही. शिवाय पाहायला जाणे हेच पाप असेल, तर भेडाघाटचा नावाडी उपाशी मरेल. तो तर आम्हाला हाका मारून बोलावतो.

परंतु विचार करता भेद दिसला तो येथेच. नावाडी बोलावतो, भाव ठरवितो, मनात नसेल तर नाव बांधून घरी जातो. नाही म्हणण्याची सत्ता त्याच्या हातात आहे. त्या म्हाताऱ्याच्या हातात ती नव्हती, कारण निरोप माझा होता. जारवांना तर कोणी विचारलेलेच नाही. दिगलीपूरच्या रहिवाशाला त्या रस्त्यावाचून गत्यंतर नाही, मला आहे. त्याची गरज आणि माझी हौस एकाच तांड्यात, एकाच बंदोबस्तात जाते, म्हणून ती एक होत नाही. आणि डोळे मिटून बसेन म्हणणे सोपे. पण 'नशीब असेल तर' ही ओळ एकदा वाचल्यावर झाडीकडे न पाहणे माझ्या हाती राहिले नव्हते. मनुष्याला दृश्य करून टाकणारी ती ओळ पुस्तकात होती. पण ती वाचून माझ्या मनात क्षणभर आशा हलली होती, हे कसे नाकारू?

आम्ही गेलो नाही. आगाऊ दिलेले पैसे बुडाले, मोटारवाला रागावला, आणि तो दिवस आम्ही समुद्रकाठी शहाळी पीत, एकमेकांशी फारसे न बोलता घालविला. यात पुण्य काही नव्हते. न जाण्याचा अहंकारही असतोच, जबलपुरास परतल्यावर "बाराटांग नाही पाहिलंत? मग अंदमान काय पाहिलंत!" असे शेजारी म्हणाले, तेव्हा माझ्या उत्तरात तो डोकावला, हे सौ.ने नंतर मला सुनावलेही. एवढेच कळले, की मार्गदर्शिका कितीही चांगली निवडली तरी कसे जावे एवढेच ती सांगते. जावे की न जावे, या प्रश्नाचे पान तिच्यात कोरे असते. ते ज्याचे त्याने भरावयाचे. आपण बदलीची माणसे तर जेथे जातो तेथे हुकमाने जातो, म्हणून हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवयच आपल्याला राहत नाही. परप्रांतात जन्म काढलेल्या माझ्यासारख्यांनी तो अधिक जपून विचारावा, असे वाटते. आपण कित्येक गावांत राहिलो. त्यांतल्या किती ठिकाणी आपले येणे कोणाला हवे होते?

मी त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने एक शेरा लिहिला: 'रस्ता आहे. म्हणून गेलेच पाहिजे असे नाही.' पुढल्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याने ते पुस्तक मागून नेले. महिन्याभराने परत आले, तेव्हा माझ्या शेऱ्याखाली त्याच्या बारीक अक्षरात दुसरा शेरा होता: 'वाचले. तरी गेलो; मुलांनी हट्ट धरला. पडदे ओढून घेतले होते. मुलांनी फटीतून पाहिलेच. परतताना धाकटीने विचारले, ते लोक आपल्याला बघायला कधी येतात?'

दोन्ही शेरे मी तसेच ठेवले आहेत. पुस्तक पुन्हा कोणी मागितले, तर त्यांच्यासकट देणार आहे.